सूचना मजकुरात द्या, स्कॅनमध्ये नको

दिवसाचा डेटा संपला की बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, वेग तेवढा ६४ केबीपीएसवर उतरतो. आकडा जुनाच आहे. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका लाइनची सगळी वाट ६४ हजार बिटांची. म्हणूनच १९९८च्या व्ही.९० मानकाचे मॉडेमही ५६ केबीपीएसवर थांबले, आणि तेही कागदावर. डायल-अप गेले असे आपण समजतो, पण डेटा संपलेल्या स्मार्टफोनवर तो वेग रोज परत येतो. अशा वेळी तालुक्याच्या कार्यालयाने किंवा महापालिकेने साधी सूचना कागदाचा स्कॅन करून नेटवर टाकावी, हे मला नागरिकांवर अन्यायाचे वाटते.

हिशेब करून पाहू. केबीपीएसमधला ‘बी’ बिटचा, तर फाइलचा आकार बाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर ८,००० बाइट. १ एमबीचा स्कॅन उघडायला दोन मिनिटांहून जास्त लागतात, तेही रेंज पूर्ण असली तर. त्याच सूचनेत काना-मात्रा धरून २,००० चिन्हे असतील, तर युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागून ६,००० बाइट होतात. ती एका सेकंदाच्या आत पोहोचते.

यावर कोणी म्हणेल, मग स्कॅन झिप करून टाका. त्याने काही साधत नाही, आणि का ते डायल-अपच्या काळातच कळले होते. १९९०च्या व्ही.४२बिस मानकाने मॉडेममध्ये कॉम्प्रेशन आणले. लेम्पेल आणि झिव यांच्या १९७८च्या पद्धतीवर ते आधारलेले होते: पुन्हा पुन्हा येणारे तुकडे लक्षात ठेवायचे आणि पुढच्या वेळी तुकड्याऐवजी त्याचा क्रमांक पाठवायचा. त्या जोरावर चौपट वेगाची जाहिरात होई. मजकुराला फायदा खरोखरच होत असे, पण स्कॅनसारख्या जेपीईजी चित्राला किंवा झिप फाइलला जवळजवळ शून्य, कारण त्यांतली पुनरावृत्ती आधीच काढलेली असते. प्रत्येक फाइल लहान करणारी पद्धत असूच शकत नाही; तेवढ्या वेगवेगळ्या लहान फाइलीच नसतात. म्हणजे चौपट हा गुण लाइनचा नव्हता, पाठवलेल्या मालाचा होता. आणि या बाबतीत मराठी मजकूर नशीबवान आहे. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे, १५ बाइट. पाचही चिन्हांचा पहिला बाइट एकच, आणि पहिल्या चारांचा दुसराही एकच. कॉम्प्रेशनला हवी ती पुनरावृत्ती इथे अक्षराअक्षरात आहे. स्कॅन करताच ती ठिपक्यांत विरते, आणि ठिपके कमी करत गेले तर जोडाक्षरे वाचता येत नाहीत.

आता फाइव्ह-जी आले, मग इतकी काटकसर कशाला, असेही विचारले जाते. फाइव्ह-जी सगळीकडे नाही आणि सगळ्यांकडे नाही. सूचना मात्र बहुधा त्यालाच हवी असते ज्याचा प्लॅन सर्वांत स्वस्त आहे. शिवाय स्कॅनमधला शब्द शोधता येत नाही आणि अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर त्यापुढे गप्प बसतो. खरा आक्षेप सही-शिक्क्याचा आहे. सूचना अस्सल आहे हे कळायला हवे, ही मागणी रास्तच. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० डिजिटल स्वाक्षरीला मान्यता देतो, आणि मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय युनिकोड मराठीत, डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होऊन संकेतस्थळावर येतात. तालुक्याची सूचनाही आधी संगणकावरच टाइप होते. ती छापून, शिक्का मारून पुन्हा स्कॅन करण्याचा खटाटोप थांबवायला नवे यंत्र लागत नाही, एक लेखी आदेश पुरतो. तोवर स्कॅनच्या वर निदान मूळ मजकूर चिकटवावा.