हा थांबत का नाही?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. विषय डोक्यात होता, पण बेसबॉलवर मराठीत कोण वाचणार असं वाटून राहून जायचं. तरी आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात धाकट्या भावाशी फोनवर चांगलंच वाजलं आणि तेव्हा न सुचलेलं उत्तर आता सुचतंय. (माझं नेहमीचंच!) भांडणाचं पुढे येईलच. आधी इचिरो.

2010 च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे सिॲटलला आले होते. चार दिवस सगळं बघून झाल्यावर बाबांना कुठे न्यायचं हा प्रश्न पडला, म्हणून सेफको फील्डवर मॅरिनर्सची मॅच दाखवायला नेलं. बाबांना खेळ फारसा कळला नाही. "एवढा वेळ हे लोक नुसते उभेच आहेत," हा त्यांचा अभिप्राय. पण उजव्या कोपऱ्यात उभा असलेला इचिरो सुझुकी मात्र त्यांनी अचूक हेरला. बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे असताना हा दोन चेंडूंच्या मध्ये सतत पाय ताणतोय, वाकतोय. मग नवऱ्याने सांगितलं की हा आपला ग्लोव्ह स्वतः पुसून, पॉलिश करून ठेवतो, बॅटी दमट हवेपासून जपायला खास पेट्यांत ठेवतो. बाबा एकदम खूष. बाबांचं साताऱ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांच्या चिमट्यांना आम्हा भावंडांना लहानपणी हात लावायची परवानगी नव्हती. "हा कारागीर आहे," म्हणाले. त्या वर्षी इचिरोने सलग दहाव्यांदा सीझनमध्ये 200 च्या वर हिट्स काढल्या. तेव्हा तो 36 वर्षांचा होता.

मग उतार सुरू झाला. 2012 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, मग मायामीला, आणि 2018 मध्ये परत इथे आला, 44 वर्षांचा होऊन. पंधरा मॅचेस खेळल्यावर मे महिन्यात टीमने त्याला मैदानातून काढून सल्लागार केलं. दुसरा कुणी असता तर कोट घालून वरच्या काचेच्या खोलीत बसला असता. हा उरलेलं वर्षभर रोज युनिफॉर्म घालून टीमबरोबर सराव करत राहिला, खेळायची परवानगी नसताना! ऑफिसमध्ये लोक हसायचे. खरं सांगायचं तर मीही हसले होते. पन्नाशीपर्यंत खेळायचंय असं तो म्हणत असे, त्यावर विनोद व्हायचे.

2019 च्या मार्चमध्ये टोकियोत दोन मॅचेस होत्या. त्यात त्याला एकही हिट मिळाली नाही. 21 मार्चला आठव्या डावात त्याला बाहेर बोलावलं. मैदानातून आत येताना तो एकेका सहकाऱ्याला मिठी मारत होता आणि त्याच दिवशी संघासाठी चेंडू टाकलेला किकुची नावाचा तरुण जपानी पिचर रडत होता. मॅच बारा डावांपर्यंत लांबली, तरी प्रेक्षक उठले नाहीत. संपल्यावरही बसून राहिले, शेवटी त्याला परत बाहेर यावं लागलं. अमेरिकेतल्या 3089 आणि जपानमधल्या 1278 हिट्सनंतर हा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशीच्या हिट्स शून्य.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तेच ना, वेळेवर थांबायला हवं होतं. सचिनच्या शेवटच्या दोन वर्षांत आपल्या घरीही जेवताना हेच चालायचं. "आता त्याने सन्मानाने थांबावं." मीही म्हणायचे. आता मला हा 'सन्मान' शब्दच जरा संशयास्पद वाटतो. कुणाचा सन्मान? त्याला खेळायचंय. आपल्याला त्याचं म्हातारपण बघवत नाही. मग ते सरळ तसंच म्हणावं ना!

शिखरावर असताना थांबण्याचं उदाहरण म्हणून इथले लोक सँडी कोफॅक्सचं नाव घेतात. 1966 मध्ये 27 मॅचेस जिंकल्या आणि तिशीत निवृत्त झाला. केवढा समजूतदार! पण तो थांबला तो डाव्या कोपराला संधिवात होता म्हणून. इंजेक्शनं घेऊन खेळत होता, पुढे हात कायमचा जाईल अशी भीती होती. हात चांगला असता तर तो थांबला असता का? आपण त्याच्या दुखण्याला शहाणपण म्हणतो.

उलटं उदाहरण टेड विल्यम्सचं. 1959 मध्ये मान धरली होती, सरासरी .254 वर घसरली. आयुष्यात कधी .300 च्या खाली न आलेला माणूस. बॉस्टन रेड सॉक्सच्या मालकानेच सुचवलं की आता पुरे. विल्यम्सने स्वतःचा पगार कापून घेतला आणि आणखी एक वर्ष खेळला. .316! आणि 28 सप्टेंबर 1960 ला फेनवे पार्कमधल्या शेवटच्या चेंडूफळीत होमरन. बेसबॉलमधला सगळ्यात सुंदर निरोप म्हणून लोक अजून तो सांगतात, जॉन अपडाईकने त्यावर लिहिलेला लेख प्रसिद्धच आहे. मालकाचं ऐकून 'सन्मानाने' थांबला असता तर हे काहीच झालं नसतं.

आणि विली मेज. 1973 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये 42 वर्षांचा मेज चेंडूमागे धावताना धडपडला. आजही कुणी जास्त खेळत राहिला की त्या धडपडण्याचा दाखला देतात. त्याच मॅचमध्ये बाराव्या डावात त्याच्याच फटक्याने मेट्सला आघाडी मिळाली आणि ते जिंकले, हे मात्र कुणी सांगत नाही. मला तरी हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

निरोपाचे दौरे हा आणखी एक प्रकार. 2013 मध्ये मारियानो रिव्हेराला गावोगावी भेटी मिळाल्या. मिनेसोटाने तर मोडलेल्या बॅटींची खुर्ची बनवून दिली, कारण त्याच्या चेंडूवर बॅटी मोडायच्या. (आपलं शाल-श्रीफळ बरं, विमानात तरी नेता येतं.) पण असं भाग्य किती जणांचं? बहुतेक खेळाडू मायनर लीगमध्येच संपतात. पंचविशीत एका सकाळी मॅनेजर खोलीत बोलावतो आणि संपलं.

हो, एक मुद्दा मला मान्य आहे. टीममध्ये जागा मोजक्या असतात, म्हातारा बसला की कुणी तरुण बाहेर राहतो. पण मग टीमने काढावं की! ते त्यांचं काम आहे, त्याचे पैसे घेतात. खेळाडूनेच स्वतःहून 'मी संपलो' म्हणायचं, म्हणजे आपल्याला वाईट वाटायला नको, हे मला पटत नाही. रिकी हेंडरसनने ते कधी म्हटलंच नाही. 2003 नंतर मोठ्या लीगमधलं कुणी घेईना, तर हा 1406 बेस चोरलेला माणूस किरकोळ पगारावर छोट्या गावठी लीगमध्ये खेळला. 2005 मध्ये 46 वर्षांचा असताना. 2024 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याबद्दल वाचत बसले होते. कुठेही मला तो केविलवाणा वाटला नाही.

तर, भांडण. बाबा आता 77 चे आहेत. हात थोडा थरथरतो. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं जुनं एचएमटी उघडलं आणि आतला एक बारीक स्क्रू उडाला, तो सापडलाच नाही. गिऱ्हाईक दुकानात चार लोकांसमोर वाट्टेल ते बोललं. भावाचा फोन आला, "ताई, तुझं ऐकतील. आता सन्मानाने बंद करा म्हणून सांग." मी हो म्हटलं आणि बाबांना फोन लावला. ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तो जपानी अजून खेळतो का गं?"

मी सांगितलं, नाही, 2019 ला संपलं. 2025 मध्ये हॉल ऑफ फेममध्येही गेला, 394 पैकी 393 मतं. पण अजून युनिफॉर्म घालून मॅरिनर्सच्या पोरांना शिकवायला येतो आणि जपानमध्ये दरवर्षी शाळकरी मुलींच्या टीमविरुद्ध मॅच खेळतो. अगदी मन लावून, स्वतः पिचिंग करतो. बाबा खूप हसले. मग बंद करण्याचं माझ्या तोंडून निघालंच नाही, आणि त्यावरूनच पुढे भावाशी वाजलं.

तेव्हा बंधुराज, वाचत असाल तर ऐका. त्या स्क्रूचे आणि घड्याळाचे पैसे मी देते. दुकानाचं यंदाचं भाडंही मी बघते. बाबांशी कालच बोललेय, बारीक कामं ते पेठेतल्या दुसऱ्या कारागिराकडे पाठवायला तयार आहेत. सेल आणि पट्टे स्वतः करणार. आणि दिवाळीत येताना डोक्याला लावायचं, दिवा असलेलं भिंग आणतेय. त्यांना आत्ताच सांगू नकोस, 'कशाला खर्च' म्हणतील.