माजघरातला उजेड



पेठेतील आपली बहुतेक जुनी घरे अरुंद आणि खोल. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्यामुळे मधल्या माजघराला खिडकीच नाही. आमचे घरही असेच. पूर्वी माळवदाला साणे होते, त्यातून दिवसभर उजेड उतरे. १९७८ साली माळवद काढून स्लॅब टाकला आणि साणे बुजले. विजेचा दिवा असताना त्याची गरज काय, असे तेव्हा सर्वांनाच वाटले.

ती गरज पुढे आईमुळे कळली. तिचा चोविहार. चातुर्मासात आभाळ भरून आले की दुपारी ४ वाजताच माजघरात अंधारून येई. सूर्यप्रकाशात ताटातले स्पष्ट दिसत नसेल तर जेवायचे नाही, हा तिचा नेम. पुढे दुकानात गिऱ्हाईक. तेथे ताट घेऊन कसे बसणार? मग "आज भूक नाही" म्हणून ती उठे. तिचे ते उपाशी राहणे आम्ही कित्येक वर्षे तप समजत होतो.

निवृत्तीनंतर मी छताला काच बसवून घेतली. पहिल्या मिस्त्रीने ती स्लॅबच्या पातळीतच बसवून कडेने सीलंट भरले. मृगाच्या पहिल्याच सरीत खालची धान्याची पोती भिजली. चूक माझीही होती. कागद तपासल्याखेरीज कर्ज मंजूर न करणाऱ्या माणसाने स्लॅब मात्र कोणाला न विचारता फोडू दिला.

दुसऱ्या वेळी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतला. झरोका तुळईला धक्का न लावता दोन तुळयांच्या मधे घ्यावा. ज्या सळया कापल्या जातात, त्यांच्या बदली कडेने जादा सळया द्याव्यात. भोवती ६ इंच उंच कट्टा बांधून त्यावर काच उतरती बसवावी, म्हणजे पाणी साचत नाही. काच लॅमिनेटेड घ्यावी. ती तडकली तरी तुकडे सहसा सुटून पडत नाहीत. उतार उत्तरेकडे ठेवल्यास थेट ऊन कमी येते. कौलारू घराला तर एखाद-दुसरे काचेचे कौलही पुरते. काम उन्हाळ्यातच उरकावे.

आई त्या उजेडात पाट मांडून धान्य निवडू लागली आणि दिवस मावळण्यापूर्वी पोटभर जेवू लागली. असे दोनच चातुर्मास तिला लाभले. हे काम वीस वर्षे आधी सहज झाले असते, याची रुखरुख राहिली आहे.

आपल्या घरी कोणी वडीलधारे अंधारामुळे ताट बाजूला सारीत नाही ना, एवढे येत्या चातुर्मासापूर्वी अवश्य पाहावे.