दहा घरांचे कागद



अडल्या वेळी बँकेने हात द्यावा, ही कर्जदाराची आशा. इंग्लंडमधल्या रेडिंग गावी मात्र उलटेच घडले. २००३ ते २००७ या काळात एचबीओएस बँकेचा तिथला एक अधिकारी अडचणीतल्या छोट्या व्यावसायिकांना सांगे, 'अमुक सल्लागार नेमा, तरच कर्ज चालू राहील.' सल्लागार भरमसाट फी उकळी. कर्ज फुगे, धंदा हातचा जाई. अधिकाऱ्याला मात्र लाच मिळे.

जो तो समजे, आपलेच नशीब फुटके. पण संगीताचा व्यवसाय करणाऱ्या एका जोडप्याने घरबसल्या कंपन्यांची सरकारदरबारची कागदपत्रे चाळली. जिथे तिथे तोच सल्लागार! मग पोलीस, खासदार, वर्तमानपत्रे, सगळीकडे पाठपुरावा सुरू झाला. २०१४ साली पीडित व्यावसायिकांनी 'एसएमई अलायन्स' ही संघटना उभारली. २०१७ साली त्या अधिकाऱ्यासह सहा जण तुरुंगात गेले.

तरी भरपाई सुखासुखी मिळाली नाही. एचबीओएस ज्या लॉइड्स बँकेत गेली, तिच्या भरपाई योजनेत गंभीर उणिवा असल्याचे २०१९ साली निवृत्त न्यायाधीश सर रॉस क्रॅन्स्टन यांनी दाखवले. तेव्हा कुठे प्रकरणे पुन्हा तपासायचे ठरले.

तेव्हा मंडळी, कर्जाचा प्रत्येक कागद, प्रत्येक पावती ट्रंकेत जपा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. खात्यात काही खटकले, तर शेजाऱ्याच्या कागदांशी ताडून पाहायला लाजू नका. चूक एखाद्याच घरी दिसते. लबाडी दहा घरांत सारखीच दिसते.