दोघीच आहात का?



यावेळचं संपादकीय एका टेबलाविषयी आहे. पोटगी, ऊसतोड, पाणी असे विषय दारात उभे असताना ही बाई हॉटेलातल्या टेबलाचं काय घेऊन बसली, असं काहीजणींना वाटेल. मलाही महिनाभर तसंच वाटत होतं. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

उन्हाळ्यात एका मैत्रिणीच्या पोटगीच्या तारखेला मी तिच्यासोबत धाराशिवच्या कोर्टात गेले होते. ती लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यातली. पहाटेची एसटी धरून आलेली, पोटात फक्त चहा. तारीख पुढे पडली. (पडणारच होती.) दुपारचा दीड वाजलेला. बसस्टँडकडे जाता जाता आम्ही एका हॉटेलात शिरलो. पुढच्या हॉलमध्ये खिडकीपाशी, पंख्याखाली एक टेबल रिकामं होतं. चार खुर्च्यांचं. पिशव्या खाली ठेवून बसलो, तर गल्ल्यावरून मालकांनी विचारलं, "ताई, दोघीच आहात का?"

"हो."

"मग आत फॅमिलीत बसा की. इथं गडीमाणसं येत्यात."

बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. उलट काळजी होती. म्हणूनच असेल, आम्ही दोघी काही न बोलता उठलो. 'फॅमिली' म्हणजे प्लायवूडचं एक पार्टिशन आणि तेलकट पडदा. आत एक टेबल, वर ट्यूबलाइट, पंखा नाही, आणि पडद्याला लागूनच हात धुवायचं बेसिन. म्हणजे ज्या गडीमाणसांपासून आम्हाला वाचवायचं होतं, ती सगळी जेवून हात धुवायला तिथंच येणार, खाकरणार, चूळ भरणार आणि जाताना पडद्याच्या फटीतून एकदा आत बघून जाणार. राइस प्लेट आली. मैत्रीण पहिला घास हातात धरून तशीच थांबली आणि म्हणाली, "ताई, आपण कुणाची फॅमिली?"

आठ वर्षांपूर्वी नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईने विचारलेला हा प्रश्न. मला उत्तर सुचलं नाही. मी तिच्या ताटात वरण वाढलं.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्याच हॉटेलात गेले, यावेळी मंडळातल्या दुसऱ्या मैत्रिणीला घेऊन. गर्दी ओसरल्यावर मालकांशी निवांत बोलले. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. टेबलं सगळी चार खुर्च्यांची. दोन पुरुष आले तर त्यांच्यासमोर आणखी दोन पुरुष बसवता येतात, कुणाची हरकत नसते. "पण ताई, तुमच्यासमोर मी कुणाला बसवू? दोन राइस प्लेटला चार खुर्च्या अडकत्यात. दुपारच्या गर्दीत परवडत नाही." म्हणून जे टेबल एरवी कुणी घेत नाही, ते आमचं. पडदा अब्रूसाठी असतो असं आपण समजतो. गल्ल्यावरचा हिशोब साध्या खुर्च्यांचा असतो. दोन्ही कारणं एकमेकांना इतकी सोयीची आहेत, की एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

खुर्च्यांचा हिशोब मोठ्या ठिकाणीही चालतो. एका मैत्रिणीची मुलगी पुण्यात नोकरी करते. ती आणि तिची मैत्रीण पगाराच्या पैशांतून एका मोठ्या करमणूक बागेत गेल्या. तिकीट चांगलं घसघशीत. दुपारी तिथल्या हॉटेलात जेवायला गेल्या, तर सावलीतली, तळ्याकडेची टेबलं "चौघांसाठी" आणि या दोघींना खरकटे ट्रे ठेवायच्या जागेशेजारी खांबाआड बसवलं. ठीक आहे, दोघांचं बिल चौघांच्या निम्मं होतं, धंदा आहे. पण पाचच मिनिटांत एक नवरा-बायको आले. तेही दोघंच. त्यांना तळ्याकाठचं टेबल मिळालं. पोरीने फोनवर आईला सांगितलं, "आई, दोघं असणं वेगळं आणि दोघी असणं वेगळं."

आता फॅमिली रूमची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईच्या इराणी हॉटेलांत आणि पुढं उडपी हॉटेलांत जेव्हा 'फॅमिली रूम' निघाल्या, तेव्हा घरंदाज बाईने हॉटेलची पायरी चढणं हेच आक्रीत होतं. त्या खोलीमुळे आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणींनी बाहेरचा पहिला चहा प्यायला असेल. बंद दारापेक्षा पडदा बराच. माझी तक्रार आहे ती पायरी चढून झाल्यावरही आपल्याला तिथंच ठेवलं जातं याची.

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा सगळ्या हसल्या. एकटी हसली नाही. कळंब तालुक्यातली आमची जुनी कार्यकर्ती, बौद्ध समाजातली. ती म्हणाली, "तुम्हाला आत बसवतात म्हणून राग येतो. माझ्या आईला बाहेर बसवायचे." गावच्या हॉटेलात त्यांच्या वस्तीसाठीच्या कपबश्या वेगळ्या, बाहेर वळचणीला ठेवलेल्या. आपणच काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन आपणच विसळून परत ठेवायची. "आई तो चहा कधी प्यायली नाही. घरून पिऊन निघायची. मी पहिल्यांदा तालुक्याच्या हॉटेलात खुर्चीवर बसले तेव्हा खुर्ची कुठली आहे हे बघितलंच नाही. खुर्ची आहे हेच बघितलं." बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "पण लिहा तुम्ही. कुणाला कुठं बसवायचं हे दुसऱ्यानंच ठरवायचं, रोग तोच आहे."

तिच्या सांगण्यावरून मी घटना उघडली. पंधराव्या कलमाचा दुसरा भाग. आपण शिबिरांत समानतेसाठी हे कलम सांगतो, पण दुसऱ्या भागापर्यंत सहसा पोचत नाही. त्यात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांची नावं घेऊन म्हटलं आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला तिथं जाण्यापासून रोखता येणार नाही, अटी घालता येणार नाहीत. त्यामागे वळचणीच्या कपाचा इतिहास आहे. पण यादीत 'लिंग' हा शब्दही आहे. पुढच्याच भागात सरकारला स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायची मुभा आहे. ती सरकारला आहे. बेसिनशेजारच्या पडद्याला नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, म्हणजे वर्तमानपत्रांच्या आणि वकिलांच्या गल्लीत, एल विनो नावाचा एक बार होता. बायकांना तिथं बंदी नव्हती. फक्त पुढं काउंटरपाशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत टेबलावर बसायचं, तिथं आणून देतील. टेस गिल ही वकील आणि अ‍ॅना कूट ही पत्रकार, अशा दोघी याविरुद्ध कोर्टात गेल्या. तुम्हाला तर बसायला खुर्ची मिळते, मग तक्रार कसली, असंच कुणालाही वाटलं असतं. १९८२ साली अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कारण साधं होतं. बातम्या, ओळखी, कामाच्या गोष्टी पुढं काउंटरपाशी चालायच्या, मागच्या खोलीत नाही. न्यूयॉर्कला १९६९ च्या फेब्रुवारीत बेटी फ्रीडन आणि तिच्या मैत्रिणी प्लाझा हॉटेलच्या ओक रूममध्ये मुद्दाम दुपारच्या वेळी जाऊन बसल्या. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी तिथं फक्त पुरुषांना जेवण मिळे. वेटरांनी ऑर्डर तर घेतली नाहीच, समोरचं टेबलच उचलून नेलं. या बायका नुसत्या खुर्च्यांवर गोल करून बसून राहिल्या. काही महिन्यांत तो नियम गेला. आणि सौदी अरेबियात तर हॉटेलांना 'फॅमिली'साठी वेगळं दार ठेवायची सक्ती होती, ती २०१९ च्या डिसेंबरात उठली. शब्दसुद्धा तोच!

लंडनच्या निकालातलं कारण वाचताना मला आमची एक सरपंच मैत्रीण आठवली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आपल्या. ही मैत्रीण आणि तिची सदस्य मैत्रीण जिल्हा परिषदेत पाण्याच्या टाकीच्या कामासाठी आल्या होत्या. सोबत उपसरपंच आणि ठेकेदार. काम अर्धं झालं, जेवायची वेळ झाली. हॉटेलात या दोघींना मानाने आत फॅमिलीत पाठवलं. पुरुष पुढच्या हॉलमध्ये. तिथं ओळखीचे आणखी दोघं येऊन बसले. आत दोघींसाठी बाहेरून खास गुलाबजाम पाठवले. धाराशिवचे गुलाबजाम, तेव्हा नाही कोण म्हणणार? "आम्ही आत गुलाबजाम खात होतो," ती सांगते, "आणि बाहेर टाकीची जागा बदलली." टाकी दलित वस्तीजवळ व्हायची होती. ती झाली उपसरपंचाच्या मळ्याच्या रस्त्याला. ठराव नंतर कागदावर आला, सही हिचीच आहे.

तालुक्याचं निम्मं राजकारण पुढच्या टेबलांवर होतं हे आपण सगळ्या जाणतो. तिथं बसायला मिळालं की सत्ता मिळते असा माझा भाबडा समज नाही. पण तिथं काय बोललं जातंय ते निदान कानावर तरी पडतं.

बैठकीत एक उलटा सूरही निघाला आणि तो मला टाळायचा नाही. तुळजापूरकडची एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, "मला पडदा आवडतो. दिवसभर लोक बघत असतात. तेवढी पंधरा मिनिटं कुणी बघत नाही, पदर ढळला तरी चालतो." दुसरीने सांगितलं, मारहाण झालेल्या बाईला घेऊन दवाखान्यातून परतताना तिला रडायला जागा हवी असते, ती पुढच्या हॉलमध्ये कुठं मिळणार? खरं आहे. कोर्टाच्या त्या दिवशी माझी मैत्रीणही शेवटी थोडं रडली, आणि तेव्हा तो तेलकट पडदा मला बरा वाटला. म्हणून पडदे उतरवा अशी मागणी आपण करणार नाही. ज्यांना हवं त्यांनी आत बसावं, पण विचारून. "आत बसता का?" आणि "आत बसा की" यात फार अंतर आहे. आणि जागा राखायचीच असेल तर निदान बेसिनपासून लांब असावी, तिथं पंखा असावा.

आपल्या कामात 'दोघी' हा आकडा जुना आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पडलेली गावं उभी करताना बचत गटांतल्या, महिला मंडळांतल्या बायका संवाद सहाय्यक म्हणून गावोगाव फिरू लागल्या. आमच्या भागात तेव्हा एकटीला घरचे सोडत नसत. 'कुणीतरी सोबत आहे ना?' एवढं विचारत. म्हणून दोघी. सास्तूर, माकणी, उमरगा असं कुठंही गेलं तरी दोघी. दुपारी झाडाखाली बसून फडक्यातली भाकरी सोडायची. हॉटेल परवडत नव्हतं हे खरंच, पण परवडलं असतं तरी बसलो असतो का, याची मला शंका आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि स्टँडवर बायकाच बायका दिसू लागल्या. दवाखान्याला, बाजाराला, माहेराला, देवीला, आणि काही जणी चक्क सहज म्हणून. दोघी-दोघी. वाचलेल्या पैशांत चहा आणि सुशीला होऊ शकतो. भाकरीचं फडकं मात्र अजून स्टँडच्या फरशीवरच सुटतं.

मालकांशी बोलताना मी एक सुचवलं होतं. खिडकीपाशी दोन खुर्च्यांचं लहान टेबल टाका. तुमच्या खुर्च्या अडकणार नाहीत, आम्हाला उजेड मिळेल. त्यांनी "बघू" म्हटलं. 'बघू'चा अर्थ आपल्याकडे काय होतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे मी ते विसरून गेले होते.

मागच्या आठवड्यात पुढची तारीख होती. मैत्रिणीसोबत पुन्हा गेले. खिडकीपाशी खरंच एक लहान टेबल होतं, नव्या सनमायकाचं, दोन खुर्च्या. त्यावर दोन विमा एजंट फायली पसरून चहा पीत बसले होते. मालकांनी आम्हाला पाहिलं, जरा ओशाळले आणि सवयीने आतल्या पडद्याकडे हात केला. मैत्रीण म्हणाली, "नको भाऊ, थांबतो आम्ही." आणि आम्ही दोघी गल्ल्याशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, पिशव्या घेऊन उभ्या राहिलो. एजंटांचा चहा संपायला वीस मिनिटं लागली.

तुमच्या तालुक्यात तुम्हाला कुठं बसवतात, ते कळवा. पुढच्या अंकात पत्रांसाठी जागा ठेवली आहे.