चुकते ती फक्त जन्मवेळ

36 पैकी 30 गुण जुळवून लावलेलं लग्न वर्षभरात मोडलं, तरी आपण गुणमेलनाला जाब विचारत नाही. आधी म्हणतो, जन्मवेळ चुकली असेल. दवाखान्यातल्या नोंदीवरून वेळ बरोबर निघाली, तर नवमांश पाहायचा राहिला. तोही पाहिलेला असेल, तर अयनांश वेगळा धरला. मग पितृदोष निघतो, त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी होतो. तरी काही पालटलं नाही, तर गेल्या जन्मीचं संचित. ते तपासायला कोण जाणार? ज्योतिषात ‘जन्मवेळशुद्धी’ नावाचा रीतसर प्रकारच आहे. घडून गेलेल्या गोष्टींशी पत्रिका जुळेपर्यंत माणसाच्या जन्माची वेळ मागेपुढे सरकवायची. शास्त्र सुधारायचं नाही, माणूस सुधारून घ्यायचा!

2008 मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांपुढे एक साधी कसोटी ठेवली. हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 पत्रिका एकत्र केल्या; प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या. कोणती कुणाची, एवढंच सांगायचं होतं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगल्याची 24 बरोबर आली. नाणं उडवून 20 च्या आसपास येतातच. एवढं होऊनही किती घरांत पत्रिका बघणं थांबलं?

या हट्टाची किंमत मुली मोजतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मुलगी मंगळी. बारातली पाच घरं, म्हणजे ढोबळमानाने शंभरातल्या चाळीसजणी! इतक्यांचे नवरे काही अकाली जात नाहीत. मग अपवाद निघतात: स्वराशीचा मंगळ, गुरूची दृष्टी, अठ्ठाविशीनंतर उतरलेला दोष. मात्र एखादीचा नवरा अपघातात गेला की सगळे अपवाद गुंडाळले जातात आणि तेराव्याच्या आतच तिच्या तोंडावर म्हटलं जातं, ‘हिच्या मंगळानेच खाल्लं त्याला.’ हे म्हणणारे शिकलेले असतात, सवाष्ण बायका असतात, तिचे सख्खे दीर-जावा असतात. त्या घराला मी निष्पाप मानत नाही.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. लग्नाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी केली, तर मुलांना होणारा त्रास टाळता येतो. पत्रिका तीन-तीन गुरुजींना दाखवणाऱ्या बापाला ही तपासणी सुचवून पाहा. तो दुखावून म्हणतो, ‘आमच्या घराण्यात तसलं काही नाही.’