यादीत एक घर ठेवा

मंडळी, आधी कबुली देतो, मग मत मांडतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं मुंबई बघायला गेलो. मी, बायको, अकरावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. इंदूरहून अवंतिकेत बसलो, सकाळी मुंबई सेंट्रल. फोर्टात हॉटेल बुक केलेलं. मुलीनं चार दिवसांचं वेळापत्रक फोनमध्ये तयार ठेवलं होतं, कुठे किती वाजता जायचं त्यासकट.

शनिवारी सीएसएमटी आणि म्युझियम झालं. स्टेशनची इमारत १८८८ ची, २००४ साली जागतिक वारशात गेली, हे मुलगी रस्त्यात उभी राहून वाचून दाखवत होती आणि आम्ही माना वर करून बघत होतो. रविवारी राणीची बाग, पेंग्विन, संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर भेळ. सोमवारी घारापुरीची लेणी. सगळं कसं आखीव.

रविवारी रात्री चौपाटीवरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं, आत्याचं. "मुंबईत आहात? छान."

बस, एवढंच. मी वाचलं, तिकडे निळ्या खुणाही दिसल्या असणार. काय लिहावं सुचेना म्हणून फोन उशाखाली ठेवून झोपलो.

ही माझी सख्खी आत्या, वय ८२. इंदूरची मुलगी, १९६५ साली लग्न होऊन गिरगावात गेली. ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला बंद झाली, म्हणून "माझी ट्राम एका वर्षानं हुकली" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आणि आम्ही चौपाटीवर तिच्या घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर भेळ खात होतो.

आता १९८६ चं सांगतो. मे महिना. आई-बाबा, आम्ही तिघं भावंडं, आजी आणि एक काका, असे सात जण नऊ दिवस आत्याकडे राहिलो. चाळीतल्या दोन खोल्या, संडास बाहेर, नळाला पाणी पहाटे. त्यांची चार माणसं आणि आमची सात. रात्री गॅलरीत अंथरुणं पडायची. आत्याच्या यजमानांनी एक दिवस रजा काढून आम्हाला म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन आणि तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसवलं. ती मुंबई माझ्या डोक्यात अजून जशीच्या तशी आहे. हॉटेलात न उतरता बघितलेली.

तर सोमवारी सकाळी गेटवेला पोचलो. बोटीच्या खिडकीवर माणूस म्हणाला, "आज मंडे है साब, गुफा बंद." आमच्या एवढ्या आखीव वेळापत्रकात हे कुणी बघितलंच नव्हतं! अर्धा दिवस रिकामा झाला. मुलगी फोनवर दुसरं काही शोधायला लागली. बायको म्हणाली, "आत्यांकडे जाऊ या."

मी म्हटलं, "असं अचानक? बरं दिसेल का?"

"न जाणं बरं दिसतंय का?"

हुतात्मा चौकापर्यंत चालत गेलो, भुयारी मेट्रोत बसलो. तिसरं स्टेशन गिरगाव. दहा मिनिटंही लागली नाहीत. तीन दिवस जे अंतर जमलं नव्हतं, ते एवढंसं निघालं. आणि लपवत नाही, लेणी उघडी असती तर आम्ही गेलोच नसतो.

आत्यानं दार उघडलं. मी वाकून नमस्कार केला. पाठीवर हात ठेवून तिनं पहिला प्रश्न विचारला, "शेव आणलीस?"

पूर्वी इंदूरहून कुणी मुंबईला निघालं की आत्यासाठी शेवेचा डबा ठरलेला असायचा. आम्ही हॉटेलात उतरणार होतो, डबा कुणासाठी घ्यायचा? बायकोच्या पिशवीत प्रवासात खाऊन उरलेलं लौंग शेवेचं अर्धं पाकीट होतं, रबर लावलेलं. तिनं ते तसंच पुढे केलं. आत्यानं ताटलीत ओतून त्यातली चिमूटभर तोंडात टाकली आणि माझ्या मुलाकडे वळून म्हणाली, "क्यों भिया, पोहे खाए कि नी?"

पोरगं बघतच राहिलं. गिरगावातल्या नऊवारी नेसलेल्या आजीच्या तोंडून सराफ्यातली बोली! मग ते जे सुरू झालं, ते दोन तास थांबलं नाही. आत्याआजी, राजवाड्यासमोर तेव्हा काय होतं, तू कुठल्या शाळेत होतीस, आमचे पणजोबा कसे होते. आमचं मराठी ऐकून मुंबईतली माणसं हसतात, "किती हिंदी बोलता तुम्ही" म्हणतात. त्या घरात कुणी हसलं नाही. आणि तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की टॅक्सीवाला, हॉटेल, तिकिटाची खिडकी, भेळवाला, सगळ्यांशी आम्ही हिंदीतच बोललो होतो, आम्हीच आधी सुरुवात करून. महाराष्ट्राच्या राजधानीत तीन दिवस काढूनही माझ्या मुलांनी घराबाहेरच्या माणसाशी मराठीतलं पहिलं वाक्य बोललं ते या दारात.

निघताना मी म्हटलं, "आत्या, चुकलं गं. तुझ्याकडेच उतरायला हवं होतं."

तर ती म्हणाली, "नको रे बाबा! तुम्ही सगळे यायचात तेव्हा मला आधी आठ दिवस धडकी भरायची. अकरा माणसांचा स्वयंपाक, आणि पाणी भरायला चारला उठायचं. कुणी विचारलं का कधी? हॉटेलात उतरलात त्याचा राग नाही. खुशाल उतरा. पण जेवायला या. मला फोटोवरून कळायला नको."

हे ऐकून मी गप्पच झालो. कारण हा लेख मी मनात वेगळाच लिहीत होतो. पूर्वी कसं प्रेम होतं, आता कशी माणसं दुरावली, वगैरे. ते प्रेम कुणाच्या पाठीवर उभं होतं हे आत्यानं एका दमात सांगितलं. तेव्हा जुने दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांत अकरा माणसं राहणं हा त्या घरच्या बाईवर अन्यायच होता, आणि आपल्या आया-आत्यांनी तो मुकाट्यानं सोसला.

पण हॉटेल आल्यामुळे भेटही गेली, हे मात्र मान्य नाही. आणि दोष एकट्या आमचा नाही. गेल्या वर्षी नाशिकचा चुलतभाऊ सहकुटुंब महाकालाला आणि ओंकारेश्वरला येऊन गेला, मध्ये एक रात्र इंदुरात राहिला, आणि मला कळलं ते त्याच्या स्टेटसवरून. मी आठ दिवस धुमसत होतो. वर्षभरात मीच तेच केलं.

आपल्यासारख्या, होळकरांच्या वेळेपासून बाहेर वसलेल्या घरांचं महाराष्ट्राशी नातं कशानं टिकलं? सभा-संमेलनं आहेत, गणपती आहे, पण खरं टिकलं ते अशा दोन-चार दारांमुळे. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. गेटवे १९२४ पासून उभं आहे, पुढच्या सुट्टीतही असेल. आत्याचं तसं सांगता येत नाही.

म्हणून माझं मत साधं आहे. मुंबईला जा, पुण्याला जा, हैदराबाद-बडोद्याला जा. हॉटेलातच उतरा. पण मुलांनी यादी केली की तिच्यात एक घर आपण घाला. दोन दिवस आधी फोन करा, अचानक टपकू नका. जेवण तिथे करायचं असेल तर भाजी-आमटीचा व्याप वाढवू नका, दहीपोह्यांवर भागवा. दोन तास बसा आणि उठा. आणि मुलांना गप्प बसवू नका, त्यांना त्यांच्या मोडक्या मराठीत बोलू द्या.

घारापुरी आमची राहिलीच. मे महिन्यात परत जातोय, सोमवार सोडून. शेव किलोभर सांगून ठेवली आहे.