आधी झोप, मग फोटो

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, दारव्ह्यात घरोघरी एकच आरडाओरडा: "हस ना रे!" गेल्या वर्षी आम्ही भाच्याला झोपेतून उठवलं, टोचणारा जरीचा कुर्ता चढवला, हातात लाकडी नंदी दिला अन् भर उन्हात उभं केलं. ढीगभर फोटो निघाले, सगळ्यांत तो रडतोय. आबांसोबतचे त्याचे तेच शेवटचे फोटो.

यंदा मी घरच्यांशी भांडणार आहे. पोराची झोप, जेवण आधी होऊ द्या. कुर्ता दोन दिवस आधी घालून बघा, टोचला तर साधा सुती चालेल. (फोटो त्याचा आहे, कुर्त्याचा नाही!) ऊन उतरलं की अंगणात नंदी ओढू द्या, आजीला ओट्यावर बसवा. मोबाईलवाल्यानं खाली, पोराच्या उंचीवर बसायचं. कॅमेऱ्याकडे बघत नाही? नाही तर नाही. नंदीकडे बघतोय ना!